वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. वर्गात बेडूक सोडणारा आणि त्या बेडकाला घाबरून बाकावर चढणारा, दोघांनाही शेरा एकच. पुढे नोकरीच्या वेळी तोच ‘कंडक्ट सर्टिफिकेट’ असं सुटाबुटातलं नाव घेऊन येतो. बाकीच्या रकान्यांना क्लार्क रजिस्टर उघडून बघतो, इथे त्याचा हात थांबतसुद्धा नाही. एवढं मोठं मन कुठल्याच कागदावर दिसत नाही.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावात मात्र एकेकाळी वर्तणुकीचा असा भरवसा कुणी देत नसे. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची वस्ती निघाली. माणसं राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरलेली. लहान मुलं दोन कुंभांची तोंडं एकमेकांना जोडून आत ठेवलेली. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला (उत्तरेला डोकं करून झोपू नये, हे आजही घराघरांत ऐकू येतंच) आणि पावलं घोट्यापाशी तोडलेली. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. जन्मभर एका चुलीवर जेवलेल्या माणसाबद्दल घरच्यांना केवढी ही खात्री! भुताची पावलं उलटी असतात म्हणतात. इथे उलटी व्हायला ठेवलीच नाहीत.

पण एकाला सवलत मिळाली. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला. आत चाळिशीचा एक पुरुष, बसलेला, पावलं शाबूत. घराशेजारी धान्याचं कोठार, तेव्हा हे गावचे प्रमुख असावेत. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या वर्तणुकीवर शेरा मारायची टाप कुणाची? उलट स्वतःचे दोन पाय राखून वर रांजणाचे चार मिळाले. म्हणजे उठून चालायचंच झालं, तर सगळ्या गावात हेच पुढे!

कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती. साहेबांचा रांजण घडवणाराही तिकडचाच असणार. मापात चार पाय बसवून, ते डुगडुगत नाहीत ना हे बघून तो घरी गेला असेल. त्याच्या स्वतःच्या दोहोंचं पुढे काय झालं, ते वेगळं सांगायला नको.