निगेटिव्ह मार्किंग

नागपूरच्या धरमपेठेत क्लॅटची, म्हणजे लॉच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करणारा पोट्टा लांबूनही ओळखू येतो. त्याला काही विचारलं की तो आधी विधान आणि निष्कर्ष वेगळे करतो, मग गप्प बसतो.

आई म्हणते, "दूध संपलं रे." हा जागचा हलत नाही. दूध संपलं, एवढंच पॅसेजमध्ये आहे. ते यानं आणावं, असा इन्फरन्स निघत नाही. आजी विचारते, "भाजी कशी झाली बेटा?" तो मनात चारही ऑप्शन तपासतो आणि प्रश्न सोडून देतो. चुकलं तर पाव गुण जातो, सोडलं तर काहीच जात नाही. (आजीच्या बाबतीत हे खरं नाही, पण आजी सिलॅबसमध्ये नाही.)

पूर्वी तर्काच्या भागात अमक्याच्या बहिणीचा सासरा तमक्याचा कोण, असलं यायचं. ते तर लग्नाच्या पंगतीत कुठलीही मावशी पेनाशिवाय सोडवते. 2020 पासून सगळं पॅसेजवर आलं. साडेचारशे शब्द वाचा आणि सांगा, लेखकानं काय गृहीत धरलं, कशानं त्याचा युक्तिवाद लंगडा पडेल. आता 120 मिनिटं, 120 प्रश्न. वरून ताकीद: बाहेरचं ज्ञान वापरायचं नाही. ती तो इतकी पाळतो, की तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही विचारतो, "तिखट आहे का?"

काका जिल्हा न्यायालयातले जुने वकील. "आम्ही फॉर्म भरला न् लॉ कॉलेजात गेलो. तू काहून एवढा विचार करून राहिला बे?"

"काका, हा माझ्यावर हल्ला झाला. मुद्दा तसाच उभा आहे."

इतकं तर काकांना कुठल्या न्यायाधीशानंही ऐकवलं नसेल.

डिसेंबरात क्लॅट होते. वारंग्याचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळावं, ही आईची इच्छा. तिथवर डबा तरी पोचवता येईल. रँक मात्र देशभरातून लागते. मग उरते राज्याची लॉ सीईटी, आणि तिला निगेटिव्ह मार्किंग नाही. जानेवारी लागताच पोट्ट्याला वाचा फुटते. भाजी कढईत असतानाच तो "खारट" म्हणतो. पाहुण्यांना फुटाळ्याचा रस्ता छातीठोक सांगतो, चारपैकी कुठल्याही दिशेला.

परवा काका त्याला एक प्रकरण सांगायला बसले. पक्षकारांची नावंही संपली नव्हती, तोच हा म्हणाला, "ऑप्शन सी."

काकांनी चष्मा काढला. "वहिनी, हा पोट्टा वकील होतेच बा!"