मामींची कपड्यांची खोली

हल्ली घर दुरुस्तीला काढलं की देवाला कोनाडा मिळतो आणि कपड्यांना खोली. तंजावरला आमच्या मामींचं मेलवीथीत जुनं चौकाचं घर आहे, तिथेही हा न्याय पोचला. सुनेने बाळंतिणीच्या खोलीचं ‘वॉक-इन क्लोजेट’ करायला काढलं, आणि तेही ‘ट्रॅडिशनल’. चेन्नईहून आलेल्या डिझायनर मुलीने लॅपटॉपवर कोरीव खांब दाखवले, पितळी मुठी दाखवल्या आणि कपाटाच्या दारावर तंजावर शैलीतला लोणी खाणारा बाळकृष्ण दाखवला. मामींनी हात जोडले आणि विचारलं, “ह्याच्या मागे काय ठेवणार?”

“आतले कपडे,” मुलगी म्हणाली.

बाळकृष्ण तिथल्या तिथे रद्द झाला. बरंच झालं म्हणा. फळीवर कापड, कापडावर खडूचा आणि चिंचोक्याच्या खळीचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख. एवढ्या मेहनतीचं दार काय मोजे शोधताना आपटायला करतात?

कपड्यांची खोली मराठी माणसाला नवी नाही. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत जामदारखाना होताच. राजाची वस्त्रं, ठेवणीतल्या चिजा सगळं तिथे. व्यंकोजीराजे भोसल्यांनी 1676 च्या सुमारास तंजावरात राज्य थाटलं, तेव्हा ती रीतही सोबत आली असणार. पण ती राजेलोकांची गोष्ट. त्यांच्यामागून आलेल्या आमच्यासारख्यांची परंपरा म्हणजे एक लुगडं अंगावर, एक दांडीवर आणि लग्नातलं ट्रंकेत. दांडी छताजवळ, सोवळ्याला कुणाचा हात लागू नये म्हणून. कपडा टाकायचा तो काठीने आणि काढायचा तोही काठीने. ‘ट्रॅडिशनल’ हा शब्द मनावर घेतला तर सुनेला आधी दीडशे ड्रेस वाटून टाकावे लागतील. हे तिला कुणी सांगायचं यावर घरात एकमत झालं नाही, म्हणून काम पुढे सरकलं.

पुढचा खटका रेशमी साड्यांवरून उडाला. चित्रात त्या हँगरवर ओळीने लटकल्या होत्या. मामी उठल्या आणि ट्रंकेतून जुनी तिरुभुवनम साडी घेऊन आल्या. कुंभकोणमजवळच्या त्या गावची साडी पंख्याच्या चुण्यांसारखी घडी घालून देतात. तमिळमध्ये तिला ‘विसिरी मडिप्पु’ म्हणतात. मामींनी ती मांडीवर उलगडली, चुण्या बोटांनी मोकळ्या केल्या आणि जुन्या मोडी टाळून पुन्हा घातल्या. जरीचा भार टांगलेल्या रेशमाला खाली ओढतो आणि एकाच मोडीवर वर्षानुवर्षं राहिलेली साडी तिथेच चिरते, एवढं त्यांनी पोरीला ऐकवलं. मुलीने मुकाट्याने निम्म्या दांड्या खोडून फळ्या आखल्या. मला ती तेव्हापासून आवडू लागली.

उरला दमटपणा. कावेरीकाठी ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस कोसळतो आणि बंद कपाटात कपड्यांना बुरशी धरते. इथे मी तोंड घातलं: राजवाड्यात जाऊन सरस्वती महाल बघा. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) वाढवलेल्या त्या ग्रंथालयातल्या ताडपत्रांची आणि हस्तलिखितांची बडदास्त आपल्या साड्यांहून चांगली असते. पोथ्या कापडात बांधलेल्या, आणि किडीसाठी वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर यांची पूड. वाचायला गेलेल्या माणसाला भूक लागावी असा मसाला! पोथ्या त्याने टिकल्या, तर शालूला काय धाड भरली आहे?

शेवटी खोली झाली ती अशी: दारांना झडपा, कपाटाची पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी, फळ्यांवर जुनी धुतलेली धोतरं अंथरलेली आणि कोपऱ्यात वेखंडाच्या पुरचुंड्या. पितळी मुठी सुनेच्या हट्टाने राहिल्या. त्या घासायच्या कुणी, हा वाद चालू आहे.

तुमच्याकडे अशी खोली निघत असेल तर कोरीव खांबांचे पैसे वाचवा आणि हवा खेळेल अशी दारं करा. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. आणि आतल्या कपड्यांवर कुठलाही देव काढू नका.