फी पोचली, अर्ज राहिला

परीक्षेचं नाव सांगणार नाही. ती मला अजून द्यायची आहे आणि घेणाऱ्यांशी वैर परवडणारं नाही. एवढंच सांगतो, की ती पास झालं की नावापुढे काही इंग्रजी अक्षरं लागतात, अक्षरं लागली की माणूस व्हिजिटिंग कार्ड छापतो, आणि कार्ड छापलं की ते द्यायचं कुणाला असा प्रश्न पडतो. पन्नाशीला टेकलेल्या बँक कर्मचाऱ्याने या वयात हा उद्योग का आरंभावा, असं शाखेतल्या सगळ्यांनी मला आळीपाळीने विचारलं. उत्तर द्यायची वेळच आली नाही. मी परीक्षेला बसलो नाही. बसली ती फक्त फी, आणि तीही चांगली घसघशीत.

कराडकडच्या एका गावात आमची शाखा आहे आणि तिथल्या काउंटरवर माझा निम्मा दिवस लोकांचे अपुरे कागद परत करण्यात जातो. खातं उघडायच्या फॉर्मवर वारसाचं नाव नाही, परत. पॅन नाही आणि फॉर्म ६० जोडलेला नाही, परत. चेकवरच्या अक्षरी रकमेत खाडाखोड, परत. चेक घेऊन आलेला माणूस साहेबांकडे दाद मागायला गेला तर साहेब त्याला पुन्हा माझ्याकडेच पाठवतात. ‘दादा, इथं सही राहिलीय’ हे वाक्य मी झोपेतही बोलतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे. गावात माझं नाव ‘राहिलंय साहेब’ पडलंय. तेव्हा फॉर्म कसा भरावा हे मला कुणी शिकवावं अशी काही परिस्थिती नव्हती.

मी नोकरीला लागलो तेव्हा परीक्षेची फी डीडीने जायची. मुलं यायची, चलन भरायची, पुण्याला किंवा मुंबईला देय असा डीडी काढायची, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहायची आणि तो अर्जाला टाचणीने टोचायची. (२०१८च्या सप्टेंबरपासून डीडी काढणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडावरच छापायची सक्ती झाली. पेन्सिलीची गरज संपली, पण तोवर डीडी काढणारी मुलंही संपत आली होती.) रांग लागायची, वेळ जायचा, पाकीट फोडणाऱ्याच्या बोटात टाचणी घुसत असणार, सगळं कबूल. पण अर्ज आणि पैसे एकत्र निघायचे आणि एकत्रच पोचायचे. अर्जात खोट निघाली तर कित्येकदा तो पाठीवर डीडी घेऊनच घरी यायचा. पोरगं तोंड पाडून माझ्यासमोर उभं राहायचं, मी थोडं कमिशन कापून डीडी रद्द करून द्यायचो. त्या कमिशनवरूनही ती कुरकुरायची. आता एकेकाला गाठून सांगावंसं वाटतं, की बाबांनो, तुमची चैन होती.

हल्ली पैसे एका गाडीने जातात आणि अर्ज दुसऱ्या. पैशांची गाडी विनाथांबा आहे.

अर्जाच्या पायऱ्या सहा होत्या. पहिल्या पायरीवर नाव, मग वडिलांचं, मग आईचं, आणि मग पुन्हा माझंच, दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसं. सर्टिफिकेटवर माझं आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी, आणि पॅनवर वडिलांचं नाव अर्धंच आलंय. एका फीमध्ये तीन माणसं बसतायत अशी त्यांना शंका यावी. पुढे फोटो: पार्श्वभूमी पांढरी, वजन २० ते ५० केबी. सही १० ते २० केबी. माझी सही ९ केबी भरली. ज्या सहीवर इतकी वर्षं लोकांना लाखांच्या रकमा मिळाल्या, ती तराजूत घातल्यावर कमी पडली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, जाड पेनने करा.’ जाड पेनने केली तर २३. मग एका मधल्या पेनचा शोध सुरू झाला, त्यात घरातले आठवणीतले नसलेले अनेक पेन सापडले आणि एकही चालू नव्हता.

त्यानंतर डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यासाठी शाईचं पॅड लागतं, आणि ते बँकेतच असतं. ‘मावशी, जरा दाबून’ असं सांगत मी आजवर किती अंगठे पॅडवर टेकवले असतील, पण माझा स्वतःचा पहिल्यांदाच निळा झाला. शिपाई सहानुभूतीने बघत होता. एवढं करूनही मी माणूस आहे याची खात्री पटलेली नसल्यामुळे, नऊ चित्रांपैकी ट्रॅफिक सिग्नल कोणत्या चित्रांत आहेत ते ओळखायचं होतं. आमच्या गावाला सिग्नल नाही. तो पाहायला तालुक्याला जावं लागतं. तरी ओळखले.

पाचवी पायरी फीची. फी, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी आणि शिवाय सुविधा शुल्क. सुविधा कोणती ते लिहिलेलं नव्हतं. ओटीपी आला, टाकला, आणि पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. त्याच्याखाली लाल ठळक अक्षरांत तीन आज्ञा: रिफ्रेश करू नका, बॅक बटण दाबू नका, ही विंडो बंद करू नका. मी नोकरीच आज्ञा पाळण्याची केली आहे. माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. बायको चहा घेऊन आली तर तिला म्हटलं, टेबलाला धक्का लावू नकोस. ती कप हातात धरून उभी राहिली. पंखा तेवढा फिरत होता, त्याच्याबद्दल सूचना नव्हती.

मग हिरवी बरोबरची खूण आली. पेमेंट यशस्वी. मोबाइलवर लागोपाठ दोन मेसेज: पैसे गेल्याचा आमच्या बँकेचा, पैसे मिळाल्याचा त्यांचा. दोन्ही बाजू जुळल्या. बँकवाल्याला याहून मोठं सुख नाही. पावतीचा प्रिंट काढला, पंच करून फाइलला लावला आणि अभ्यासाला लागलो.

त्याच पानावर, हिरव्या खुणेच्या बऱ्याच खाली, पान सरकवलं तरच दिसेल अशा ठिकाणी फिकट निळ्या रंगाचं एक बटण होतं. ते दाबलं की सहावी पायरी उघडणार, तिथे ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ या चौकोनात बरोबरची खूण करायची, मग ‘फायनल सबमिट’. आता मला सांगा, ज्या पडद्याने मघाशी लाल अक्षरांत कशालाही हात लावू नका असं दटावलं, त्याच पडद्यावर जाऊन मी आपण होऊन काहीतरी दाबत सुटेन का? पैसे घेतानाची सूचना लाल आणि अर्ज घेतानाचं बटण फिकट निळं, हे रंग ज्याने कुणी ठरवले त्याला आमच्या वसुली विभागाने बोलावून घ्यावं, अशी माझी शिफारस आहे.

हॉल तिकीट मिळणार होतं त्या दिवशी तिकिटाच्या जागी एक ओळ आली: आपला अर्ज अपूर्ण आहे. हेल्पलाइन लावली. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली, गोड बोलणारी.

‘सर, आपका पेमेंट तो सक्सेसफुल है.’

‘हां, पण फॉर्म अपूर्ण क्यों दिखाता है?’

‘फॉर्म सबमिट नहीं हुआ है, सर.’

‘तो फी कायकी ली?’

‘फॉर्म की, सर.’

‘जो फॉर्म तुमको मिळाला नहीं, उसकी?’

‘जी सर. और कोई सहायता?’

मेलही केला, पावती जोडली. उत्तरात माहितीपत्रकातला एक नियम चिकटवून आला होता: एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, पुढील परीक्षेसाठी वर्गही होणार नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा मेल: आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं असून ती बंद करण्यात येत आहे. कुणाचं समाधान, ते पहिल्या मेलवरून कळत होतंच.

शाखेत बातमी पसरायला कॅशिअरला सांगणं पुरतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून भिंतीवरचा तक्ता दाखवला. तो मीच चिकटवलेला. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ला काढलेल्या परिपत्रकाचा हा सारांश मला तोंडपाठ आहे: ऑनलाइन पैसे भरताना खात्यातून रक्कम कापली गेली आणि समोरच्याला पोचल्याची खबर मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. याच्या जोरावर मी कितीतरी लोकांना धीर दिला आहे. पण त्यात पैसे अडकावे लागतात. माझे अडकलेच नाहीत, सुखरूप पोचले. न पोचलेल्या पैशांची सोय रिझर्व्ह बँकेने केली आहे, न पोचलेल्या उमेदवाराची कुणी करायची?

काउंटरवर पेन्शनला आलेले एक आजोबा हे सगळं कान देऊन ऐकत होते. मागच्याच महिन्यात मी त्यांचा हयातीचा दाखला परत केला होता. म्हणाले, ‘म्हंजी साहेब, तुमचंबी राहिलंच म्हनायचं!’ आणि मग, इतका वेळ हसू दाबलेलं सहन न होऊन, पासबुकाने तोंड झाकून घेतलं.

मेहुणा साताऱ्याला वकिली करतो. ग्राहक मंचात जाऊ म्हणून त्याला फोन केला तर तो आधी मनसोक्त हसला आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा २००९चा निकाल ऐकवला. बिहारच्या शालेय परीक्षा मंडळाच्या त्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, की परीक्षार्थी हा ग्राहक नाही, मंडळ सेवा विकत नाही, आणि परीक्षेची फी हा सेवेचा मोबदला नसून परीक्षेत भाग घ्यायला मिळतो त्याबद्दलचा आकार आहे.

‘पण मी भागच घेतला नाही रे.’

‘भाऊजी, घ्यायला मिळत होता ना?’

‘आणि जीएसटी? तो तर सेवेवरच लावतात. सेवाच नाही तर त्यांनी अठरा टक्के कशावर घेतले?’

त्यावर पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, मुद्दा चांगला आहे, पण हा लढायचा तर माझी फी तुमच्या फीपेक्षा जास्त होईल. शिवाय तीही परत मिळत नाही.

आमच्याकडे महिनाअखेरीला बायको घरखर्चाची वही पुरी करते. या रकमेपाशी तिचं पेन थांबलं. शिक्षण खात्यात लिहावी तर कुणी काही शिकलं नाही. करमणुकीत लिहावी असं मुलीचं मत होतं, ते फेटाळण्यात आलं. शेवटी बायको म्हणाली, ‘अहो, देणगीत दाखवते. बदल्यात काहीच मिळालं नाही म्हणजे देणगीच की ती. ८०जीची पावती मागवा, निदान आयकरात तरी सुटेल.’

मी बँकेच्या आवाजात सांगितलं, की अशी पावती मिळणार नाही, आणि मिळाली तरी उपयोग नाही. आपण नव्या करप्रणालीत आहोत, तिथे ८०जीची सूट नसते.

‘त्या नव्या प्रणालीचा फॉर्म तुम्ही कधी भरलात?’

‘भरावा लागत नाही. आपण काहीच केलं नाही, की आपोआप तीच लागू होते.’

‘अस्सं,’ ती वही मिटत म्हणाली, ‘तरीच ती जमली.’