जैसे थे, २८ अक्षरांत

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले आहे: अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. तो पाठ असणारे पुष्कळ भेटतात. तो वापरायची वेळ आली होती असे सांगणारा शोधूनही सापडत नाही.

मालगाडी जोडावी तसा हा शब्द जोडला आहे. इंजिन 'एस्टॅब्लिश', अक्षरे ९. इथे त्याचा अर्थ चर्चला राजमान्यता देणे. पुढे 'डिस' लावला की मान्यता काढून घेणे, अक्षरे १२. मागे 'मेंट' अडकवला की त्या क्रियेचे नाम, १६. 'एरियन' जोडला की तसे करू पाहणारा इसम, २१. 'इझम' लावला की त्या इसमाची विचारसरणी, २४. आणि सर्वांत पुढे 'अँटी', म्हणजे त्या विचारसरणीला विरोध. एकूण २८. आता हिशोब करा. 'डिस'ने मोडायला काढले, 'अँटी'ने मोडू दिले नाही. पदरात काय पडले? जैसे थे. आपल्याकडचा कारकून हाच शेरा दोन शब्दांत मारतो आणि जेवायला जातो.

वाद मात्र खरा होता, आणि चांगलाच पेटलेला. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक, पण राजमान्यता प्रॉटेस्टंट 'चर्च ऑफ आयर्लंड'ला. ज्या चर्चची पायरी आयुष्यात चढायची नाही, त्याच्यासाठी कॅथलिक शेतकऱ्याने वर्षानुवर्षे दशांश भरला. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८६९ मध्ये कायदा करून ही गाठ सोडवली; १८७१ मध्ये तो अमलात आला. वेल्सचा कायदा १९१४ मध्ये झाला, पण मध्ये महायुद्ध आले आणि अंमल १९२० वर गेला. इंग्लंडमध्ये अजूनही राजाच चर्चचा प्रमुख आहे आणि वरिष्ठ सभागृहात २६ बिशपांच्या जागा राखीव आहेत. तेव्हा मोडू न देणाऱ्यांनी तिथे मैदान मारले म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी चर्चच्या बचावासाठी जी संस्था चालवली, तिचे नाव होते 'चर्च डिफेन्स इन्स्टिट्यूशन'. पाटी रंगवणाऱ्याची काळजी त्यांना होती.

शब्दाला खरी कीर्ती मिळाली ती अमेरिकेत. १९५५ मध्ये टीव्हीवरच्या बक्षिसांच्या कार्यक्रमात बाल्टिमोरच्या १२ वर्षांच्या मुलीने त्याचे स्पेलिंग अचूक सांगितले आणि ती देशभर गाजली. गंमत अशी, की सरकारी चर्च स्थापन करायला अमेरिकेच्या घटनेनेच १७९१ पासून बंदी घातली आहे. म्हणजे मान्यता काढून घ्यायला तिथे चर्च नाही, त्यामुळे काढणारे नाहीत आणि काढणाऱ्यांना अडवणारेही नाहीत. पण बक्षीस आहे!

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन हा याचा एका अक्षराने थोरला भाऊ. लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकात 'कवडीमोल' या अर्थाचे चार शब्द एका ओळीत दिले होते: लोकरीचा पुंजका, फुटकळ चीज, शून्य आणि केस. कोणा विनोदी माणसाने ते चारही चिकटवले आणि शेवटी 'फिकेशन'चा डबा लावला. अर्थ, तुच्छ लेखणे. कवी विल्यम शेन्स्टन यांच्या १७४१ च्या पत्रात तो सापडतो. २०१८ मध्ये शशी थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाच्या जाहिरातीत तो वापरला आणि अख्खा देश शब्दकोश उघडून बसला. पुस्तक पंतप्रधानांवर होते, याकडे लक्ष जरा उशिराच गेले.

तरीही थोरल्यात थोरला तिसराच. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस, अक्षरे ४५. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ छातीत बसून होणारा फुफ्फुसाचा रोग. हा शब्द डॉक्टरांनी बनवलेला नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो रचला, आणि रचण्यामागे हेतू एकच, लांबी. ज्वालामुखी त्यात का आला? जागा होती म्हणून. वर्तमानपत्राने तो छापला आणि पुढे शब्दकोशांनीही त्याला घरात घेतले. शब्दकोशवाले एरवी नव्या शब्दाकडे वापराचे पुरावे मागतात. या पाहुण्याच्या बाबतीत लांबी हाच पुरावा मानला गेला असावा.

रोगाचे चालू नाव सिलिकोसिस. आपल्याकडच्या दगडखाणींत तो आजही होतो. खोकत खोकत दवाखाना गाठणाऱ्या मजुराच्या कागदावर मात्र बऱ्याचदा तेवढेही लिहिले जात नाही. तिथे 'टीबी' लिहितात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात.