अभ्यासक्रमाबाहेरच्या प्रश्नास

चि. अभ्यासक्रमाबाहेरच्या प्रश्नास,
मुक्काम केसीईटी 2024, कर्नाटक.

बोम्मसंद्र्याच्या मराठी पालकवर्गाकडून अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष. तुझी खुशाली सगळ्या राज्याला कळली. एनसीईआरटीने 2022 मध्ये अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून पुस्तकं छाटली. मग कर्नाटकात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, अभ्यासक्रमातूनही तुझी प्रकरणं गेली, आणि वर्गात ‘हे येणार नाही’ म्हणून त्यांच्यावर फुली पडली. एवढं होऊनही 18 आणि 19 एप्रिल 2024 ला तू केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, हॉलमध्ये हजर! तोही गोतावळ्यासकट : जीवशास्त्रात 11, गणितात 15, भौतिकशास्त्रात 9, रसायनशास्त्रात 15. एकूण 50.

आशीर्वाद देणारे कोण, तेही सांगायला हवं. होसूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत पुण्या-कोल्हापुराकडून नोकरीला आलेली ही माणसं. शिफ्ट सांभाळून मुलांची वर्षं मोजणं हा त्यांचा जोडधंदा, कारण इथल्या सरकारी कोट्यातल्या जागेची नेहमीची वाट पहिली ते पीयूसीपर्यंत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेल्यांसाठी आहे. सातवं वर्ष भरतं आहे की नाही, हे या घरांत लग्नाच्या मुहूर्तापेक्षा बारकाईने पाहिलं जातं. केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, याबाबतीत फार दक्ष. जत, अक्कलकोट, गडहिंग्लजच्या कन्नडभाषक उमेदवारांना आपलं कन्नड सिद्ध करायला वेगळी परीक्षा असते. महाराष्ट्रही मागे नाही. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी त्याच्या प्रवेशनियमांत ‘ई’ प्रकार आहे. मूल कुठे शिकलं, काय बोलतं, याची इतकी छाननी होते. छाननीतून सुटलास तो तू एकटा.

आता मुद्द्याचं. केसीईटीत एका विषयाला 60 प्रश्न आणि 80 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 80 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे काहीही सोडू नकोस हे मुलांना पढवलेलं असतं. गणितात तुझी 15 भावंडं, म्हणजे हिशेबाने 20 मिनिटं. इंजिनिअरिंगला लागणाऱ्या तिन्ही विषयांत मिळून 39, म्हणजे 52 मिनिटं.

ही 52 मिनिटं कोणाची गेली? अभ्यास न केलेल्याची नाही. त्याने डोळे मिटून गोल काळा केला आणि तो पुढे गेला. गेली ती वर्षभर वही जपणाऱ्या मुलीची. तुला पाहून तिला वाटलं, हे आपल्याकडूनच राहून गेलं. ती थांबली, आठवू लागली, कच्च्या कामाच्या जागेत सूत्रं मांडू लागली. तुझ्यानंतर येणारे, तिला येत असलेले प्रश्न घंटा झाली तेव्हा तसेच राहिलेले.

गवगवा झाला, तज्ज्ञांची समिती बसली आणि केईएने न्याय दिला : हे 50 प्रश्न मूल्यमापनातून वगळले. गणिताचा पेपर 60 चा 45 झाला, तिन्ही विषयांचे 180 गुण 141 वर आले. फेरपरीक्षा नाही. प्रश्न वगळता येतात, त्यांच्यापायी गेलेली मिनिटं कोणती समिती परत देणार? आणि ज्या मुलाने जुनं पुस्तक मिळवून तुझं बरोबर उत्तर लिहिलं, त्याचा गुणही गेला. फायदा झाला तो तुला ओलांडून जाणाऱ्याचा. या परीक्षेचे गुण इंजिनिअरिंगच्या क्रमवारीत निम्मे धरले जातात.

तुझ्या खानदानातले बाकीचे पराक्रमही पालकांना ठाऊक आहेत. नीट 2024 मध्ये 1,563 जणांना आधी वाढीव गुण मिळाले, मग काढून घेतले गेले. महाराष्ट्रात 27 एप्रिल 2025 च्या एमएचटी-सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्याय चुकले. तिथे निदान 5 मे रोजी सुमारे 27 हजार मुलांची फेरपरीक्षा झाली. त्याच एप्रिलात केईएच्या बीदरच्या केंद्रावर जानवं न काढणाऱ्या मुलाला गणिताचा पेपर देता आला नाही. दोरा दिसला. आदल्या वर्षी 50 प्रश्न दिसले नव्हते.

आणि खरं सांगायचं तर, बाळा, तुझ्यावर राग धरवत नाही. तू तरी काय करणार? कालपरवापर्यंत घनावस्था, बहुवारिकं ही बारावीच्या रसायनशास्त्रातली मानाची प्रकरणं होती. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती घोकली. मग एके दिवशी ‘अनावश्यक’ ठरून गेली. रेशनकार्डावरून नाव कापलेल्या म्हाताऱ्याने सवयीने रांगेत उभं राहावं, तसा तू उभा राहिलास. कोणी हाताला धरून बाजूला घेतलं नाही. उलट छापलं, मोहोरबंद केलं आणि पोलीस बंदोबस्तात केंद्रावर पोहोचवलं.

राग आहे तो पोहोचवणाऱ्यांवर. प्रश्नपत्रिका गोपनीय असते हे मान्य. अभ्यासक्रम कुठे गोपनीय होता? चालू वर्षाची यादी शेजारी ठेवून 240 प्रश्न ताडून पाहायला एका शिक्षकाला एक दिवस पुरला असता. तो एक दिवस वाचवला आणि साडेतीन लाखांच्या आसपास नोंदणी झालेल्या मुलांच्या माथी हा घोळ मारला. यावर ‘तांत्रिक चूक’ म्हणणाऱ्याने एकदा 80 मिनिटांत तो गणिताचा पेपर सोडवून दाखवावा.

2024 चा निकाल 1 जूनला लागला आणि त्यावरच प्रवेश झाले. गेलेल्या जागा आता मागत नाही. तुला मात्र एक काम सांगायचं आहे. तू आतल्या गोटातला. पुढच्या वेळी कोणी तुला पेपरात बसवू लागला, तर त्याच्यापुढे त्या वर्षीची यादी धर आणि ‘माझं नाव यात दाखवा’ म्हण. आमच्या मुलांना हॉलमध्ये तेवढं बोलायची परवानगी नसते.

कळावे,
बोम्मसंद्र्यातले पालक