मंत्रिमंडळ, गुपचूप आणि दोन मतं

शाळेला वरून येणाऱ्या प्रत्येक चांगल्या पत्राच्या शेवटी एक ओळ असते : ‘उपक्रमाचे फोटो अपलोड करावेत.’ इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र कृतीतून शिकवा, हे म्हणणं रास्तच. पण फोटो म्हटला की बॅनर आला, फेटे आले, कुणाला तरी शाल आली. मुलं उरली तर मागच्या रांगेत. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या शाळेत आम्ही ठरवलं, आधी कृती, मग जमला तर फोटो. यात बाणेदारपणा काही नव्हता. त्या आठवड्यात रेंजच नव्हती.

सुरुवात ग्रामसभेपासून. सरपंच, ग्रामसेवक, ग्रामस्थ अशी सोंगं वाटली. कायद्यानं गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा लागतो. आमच्या चाळीसच्या वर्गात सहा पुरे होते. पण बाहेर कबड्डी रंगली होती आणि आत उरले सरपंच, ग्रामसेवक आणि मी. मला तर मताचा अधिकारही नव्हता. सभा रद्द करणार तोच सातवीतला ग्रामसेवक वही घेऊन पुढे आला. ‘‘रद्द काहून करता सर? तहकूब करा ना. तहकूब सभेले कोरम लागत नाई.’’

खरंच लागत नाही. पुस्तकात हे कुठं दिलंय, ते मी विचारलं नाही. याचे वडील सभेत सतरंज्या घालतात. थोड्या वेळानं सभा पुन्हा भरली आणि दोघांनी मिळून भराभर ठराव मंजूर केले. त्यातला एक, शाळेची पाण्याची टाकी सरांनी धुवावी असा होता.

निवडणुकीचं निराळं. शालेय मंत्रिमंडळ हल्ली पुष्कळ शाळांत निवडतात. मोबाइलवर मतदानयंत्राचं ॲप, बोट दाबलं की ‘पीप’, आणि पोरांना लोकशाही पटते. माझा त्या पीपवर फारसा भरवसा नाही. म्हणून वर्गाला मी थेट १९५४ सालच्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत नेऊन बसवलं. तेव्हा एकाच मतदारसंघात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी घेतली.

‘‘बाबासाहेब पडले? आपल्या भंडाऱ्यात?’’ वर्ग हादरला. राज्यघटना म्हणजे फक्त प्रास्ताविका पाठ म्हणणं नव्हे, हे त्या एका प्रश्नात जेवढं पोचलं तेवढं माझ्या व्याख्यानांत कधी पोचलं नव्हतं.

मग खेळ. मंत्रिमंडळाच्या दोन जागा, त्यातली एक मुलींसाठी राखीव, आणि प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या. मोजणीत निम्म्या चिठ्ठ्या कमी! त्या बाकांखाली बोळे होऊन पडलेल्या. ‘‘दुसरं मत देल्लं तं आपलाच मानूस पडन ना सर!’’ दोन जागांच्या पद्धतीतली ही खोच मुलांच्या एका तासात ध्यानात आली. ती पद्धत मोडायला संसदेला १९६१ उजाडलं.

राहिलं अर्थशास्त्र. ते या गावाला शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणाच. हे कोशाच्या कापडाचं गाव. रानातले कोष उकळतात, बाया मांडीवर धागा वळतात, हातमागावर तीन धोटे फिरतात, तेव्हा कुठं करवतीच्या दात्यांसारखी किनार उठते. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हेही पोरांना ठाऊक. तरी आम्ही बालबाजार भरवला. बोरं, चिंचा, आलूबोंडे. पण खरी गर्दी गुपचूपवर. (पुण्या-मुंबईचे लोक त्याला पाणीपुरी म्हणतात. म्हणोत.)

दुसऱ्या दिवशी गुपचूपवाल्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. रवा, आलू, चिंच, तेल. विक्रीतून खर्च वजा, उरला तो नफा. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागावरच्या घरातली एक मुलगी उठली.

‘‘याच्या आईनं रातभर पुऱ्या लाटल्या. तिची मजुरी कुठं हाय?’’

‘‘आई काई मजुरी घेते का?’’

‘‘म्हनून तं नफा दिसते! आमची आजी दिवसभर कांड्या भरते, ते बी कोनी धरत नाई.’’

तिनं स्वतःच खडू घेतला आणि मजुरी मांडली. नफा गेला, फळ्यावर तोटा आला. घरातलं बिनपगारी काम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, हे वाक्य मी वर्षानुवर्षं लिहून देतो आणि मुलं परीक्षेत ते वर्षानुवर्षं चुकवतात. या वर्गातलं एकही पोर आता चुकवणार नाही.

हिशेबात एक खातं मात्र अजून उघडं आहे, ते उधारीचं. गुपचूपवाल्यांच्या वहीत मुलांपैकी कुणाचंच नाव नाही. जी नावं आहेत ती सगळी शिक्षकांच्या खोलीतली. तेव्हा गुरुजनहो, बालबाजार जरूर भरवा. गुपचूप मात्र रोखीनं खा.