मॅन्युअलकाका

पोराचं नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्याशी वाकते, कुर्रर्र करून कानात नाव सांगते, बायका घुगऱ्या खायला मोकळ्या होतात. मॅन्युअलकाकांच्या फंक्शनला आत्या नाही, हे त्यांच्या घरच्यांच्या सगळ्या दुःखाचं मूळ आहे.

काका पंतनगरातले. खरं नाव वेगळं, पण सोसायटीतल्या पोरांनी हे ठेवलं आणि ते चिकटलं. दिवसा चकाल्याच्या एका ऑफिसात नोकरी करतात आणि रात्री जेवण झाल्यावर एका नेटवर्किंग लायब्ररीचं काम बघतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दोन प्रोग्रामना एकमेकांशी बोलायचं असतं तेव्हा लागणारा तयार कोड. जगभर कुणीही वापरावा, पैसा एक मिळत नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या मते कामात खोट एवढी एकच.

यंदा गणपतीच्या सुमारास काकांनी एक नवं फंक्शन लिहिलं. काम साधं. जोडणी तोडण्याआधी उरलेला मजकूर पाठवायचा, 'आमचं संपलं' असं समोरच्याला कळवायचं, त्याचं संपेपर्यंत वाट बघायची आणि फारच वेळ लागला तर नाद सोडायचा. कोड एका संध्याकाळी झाला, समोरचा वडापाव गार व्हायच्या आत. नाव मात्र दिवाळीचा फराळ संपला तरी ठरेना.

"अहो, सरळ 'बंद' म्हणा ना!" वहिनी म्हणाल्या.

"बंद म्हणजे कुठलं? आपल्या बाजूचं की त्यांच्या?"

यात काकांची चूक नाही. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून 'क्लोज' आणि 'शटडाउन' अशी दोन वेगळी फंक्शनं आहेत. क्लोज आपल्यापुरतं सगळंच आवरतं, शटडाउनने नुसती पाठवायची बाजू बंद करता येते. पण हा काटेकोरपणा घरात येतो तेव्हा पंचाईत होते. गॅस बंद करा म्हटलं की काका खरोखर विचारतात, "शेगडीचा की रेग्युलेटरचा?" तोवर दूध ओट्यावर.

सकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर मेट्रोची रांग असते. २०१४ साली मेट्रो सुरू झाली तेव्हापासून काकांचं चिंतन या रांगेतच चालतं. मागून लोक ढकलतात, पुढून 'चला, चला' होतं, आणि काका मोबाइलवर नावं लिहून खोडत असतात. 'ड्रेन' सुचलं, पण पावसाळ्यात तुंबलेले रस्ते पाहिलेल्या माणसाचा त्या शब्दावर विश्वास बसेना. 'फिनिश'ला मीच हरकत घेतली, मुंबईत कुणाला फिनिश केलं म्हटलं की पोलीस येतात. 'लिंगर' आधीच कुणीतरी घेतलेलं. त्याच्यावर तर काकांचा दात आहे. सॉकेटच्या, म्हणजे जोडणीच्या टोकाच्या, त्या पर्यायाचं नाव रेंगाळण्याचं, आणि वेळ शून्य दिली की जोडणी तडकाफडकी तोडतो! 'क्लोज वेट' कानाला बरं वाटत होतं, पण टीसीपी या जोडणीच्या नियमांत त्या नावाची एक अवस्था आधीच आहे.

"एवढं काय त्यात? नंतर बदला," असं मी एकदा बोलून गेलो. काकांनी मला खाऊगल्लीत डोशासमोर उभं करून इतिहास ऐकवला. कुठल्या पानावरून आलात हे सांगणारा वेबचा एक हेडर आहे, 'रेफरर'. त्याच्या स्पेलिंगमधला एक आर गळला, १९९६च्या आरएफसी १९४५ या वेबच्या दस्तऐवजात तसाच छापला गेला, आणि आजही ब्राउझर तो चुकीच्या स्पेलिंगनेच पाठवतात. दुरुस्त करावा तर जुनं सगळं बोंबलतं. एकदा रिलीजमध्ये गेलेलं नाव लोकांच्या कोडमध्ये जाऊन बसतं, मग ते काढायची हिंमत कुणात नसते. लिबकर्ल या अशाच एका लायब्ररीवाल्यांनी २००६नंतर जुने प्रोग्राम मोडतील असा बदल केलेला नाही, हे सांगताना काकांचा आवाज कीर्तनकारासारखा होतो. ऐकता ऐकता माझा डोसा वातड झाला, पण म्हणणं पटलं.

नावानंतर डॉक्युमेंटेशन. त्याचे मथळे काकांना रामरक्षेसारखे पाठ: नाव, सारांश, वर्णन, परतावा, उदाहरण, हेही पाहा. १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही 'बग्ज' असा मथळा होता. म्हणजे आपल्या मालातले दोष आपणच छापायचे. हा बाणा थोर आहे, पण काकांनी तो पुतण्याच्या लग्नाच्या बायोडेटात वापरला. उंची, शिक्षण, पगार, आणि खाली 'ज्ञात दोष: घोरतो'. ते स्थळ गेलं. पुढचं जमलं, कारण तो कागद वहिनींनी टाइप केला.

सोसायटीच्या पंपाच्या खोलीवर मात्र काकांचाच लॅमिनेट केलेला कागद आहे. 'नाव: पंप चालू करणे. पूर्वअट: खालच्या टाकीत पाणी असावे. परतावा: वरची टाकी भरते. चूक: वेळेत बंद न केल्यास गच्चीतून धबधबा. हेही पाहा: टँकर.' वॉचमन बदलले, पण हा कागद लागल्यापासून पंप एकदाही कोरडा चालून जळलेला नाही. काकांना हसणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं.

फंक्शनचं नाव शेवटी 'शटडाउन अँड वेट' ठरलं. कोडपेक्षा डॉक्युमेंटेशन मोठं झालं, उदाहरण काकांनी स्वतः चालवून पाहिलं, आणि नवी आवृत्ती बाहेर पडली. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "हे फंक्शन थांबतं का?"

काका चिडले नाहीत. वर्णनात त्यांनी एक ओळ वाढवली: 'होय, थांबते.'